अमृतरावांची पापणी

गावानं एकदा ठरवलं की ठरवलं. मग साक्षात मारुती पाराखाली उतरून आला तरी गाव त्याला म्हणेल, बसा, पाणी घ्या, आणि ठरलेलं तेच धरून बसेल. अमृतराव पिऊन पोथी वाचतात, हे गावानं असंच ठरवून टाकलं. ज्या माणसाच्या गळ्यात तीस वर्षं माळ होती, जो शिंदीच्या झाडाच्या सावलीलासुद्धा कधी टेकला नाही, त्याच्याबद्दल हे ठरलं. आणि ठरवणारे कोण, तर ज्यांचे पाय रोज संध्याकाळी कल्लूच्या, म्हणजे ताडीच्या, दुकानाकडं आपोआप वळतात ते. आता यावर हसावं की डोकं आपटावं?

गाव आदिलाबादकडच्या नार्नूरच्या अलीकडचं. अमृतरावांची तिथं एकरभर वाडी. वांगी, मेथी, संभार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात वाल. आठवड्याच्या बाजारात माळवं नेऊन बसायचं आणि उरलेला वेळ विहिरीवर. बायको, मालनबाई, चार वर्षांपूर्वी तापानं गेली. एकच मुलगी, रुपा, ती बेल्लमपल्लीला दिलेली. जावई कुलदीप तिथं कोळशाच्या खाणीत ठेकेदाराकडं होता आणि पीत होता. हे लग्नाच्या वेळी कोणी सांगितलं नाही आणि अमृतरावांनी खोदून विचारलं नाही. त्याची टोचणी त्यांना होतीच.

बाकी वर्षभर ते गावातल्या चार माणसांसारखे एक. पण श्रावण लागला की त्यांचा मान वेगळा. मारुतीच्या देवळात रोज सांजेला पोथी लागायची. अमृतराव ओवी वाचणार आणि सुधाकरराव, म्हणजे त्यांचे बालपणापासूनचे दोस्त, अर्थ सांगणार. बावीस वर्षं हेच. बाया वाती वळत ऐकायच्या, गडी भिंतीला टेकायचे. पोथी एकदा लागली की समाप्तीपर्यंत खंड पडू द्यायचा नाही आणि वाचणारा बदलायचा नाही, असा रिवाज. अमृतरावांचा आवाज असा खणखणीत, की भोंगा नसतानाही शेवटच्या घरातल्या म्हातारीला ऐकू जायचा. पोटात दुखलं, ताप आला, मालनबाईंच्या तेराव्यानंतरचा श्रावण आला, तरी त्यांनी खंड पाडला नाही.

दुखणं आलं ते चैत्रात, आणि तेही चोरपावलांनी. दिवस कलला की डाव्या डोळ्याची पापणी खाली यायची. आपण उचलायला जावं आणि ती ऐकू नये. सकाळी बघावं तर डोळा टक्क उघडा. त्यांना वाटलं, वय झालं. चष्मा करून आणला. मग एकाचे दोन दिसू लागले, संध्याकाळीच. वैशाखात भाकर चावता चावता जबडा थकू लागला. चार घास नीट जायचे, पाचव्याला तोंड उघडंच राहायचं, तेव्हा हनुवटीला हाताचा टेका देऊन चावायचं. जेवताना समोर कोणी नव्हतं, म्हणून हे कोणी पाहिलं नाही. एकट्या माणसाचं दुखणं असंच वाढते, बघायला कोणी नसते.

गावातल्या सुईवाल्या डॉक्टरनं ताकदीच्या सुया दिल्या. शेजारच्या भागाबाईनं, बाई मनाची मोठी, आपल्या घरची आसवाची, म्हणजे आंबवलेल्या आयुर्वेदी काढ्याची, बाटली आणून दिली. "पोथीला बसाच्या आंधी दोन झाकणं घेत जा भाऊजी, गळा मोकळा होते." अमृतरावांनी घेतलं. आता आसवाला वास कशाचा येते, हे ज्यानं ते कधी हुंगलं असंल त्याला सांगायला नको.

श्रावण लागला. पहिले दोन-तीन दिवस बरे गेले. मग व्हायला लागलं असं, की पहिल्या वीस ओव्या खणखणीत, पुढच्या वीस जरा जड, आणि त्यानंतर शब्द नाकातून यायचे, एकमेकांत मिसळायचे, जीभ ओढल्यासारखी. पापण्या उतरायच्या. मान पोथीवर झुकायची. श्रोत्यांकडं बघून ते हसून सावरायला जायचे तर ओठ नीट फाकायचे नाहीत. वरचा ओठ वर जायचा आणि दात तेवढे दिसायचे, जणू कोणाला हिणवून राह्यले. पहिल्या आठवड्यात बाया एकमेकींकडं बघू लागल्या. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी जवळून जाताना वास घेतला. झालं मग. एवढं पुरलं.

पुनवेला रुपा माहेरी आली. दीड वर्षानं येत होती. तिनं आल्या आल्या घर सारवलं, बापासाठी पुरण घातलं आणि सांजेला हौसेनं देवळात जाऊन बायांत बसली, वाती घेऊन. बाप वाचणार म्हणून. अमृतरावांनाही त्या दिवशी चेव आला होता. लेक ऐकून राह्यली म्हणून त्यांनी सुरुवातीलाच आवाज चढवला आणि त्यामुळं अर्ध्यावरच तो संपला. एका ओवीला तीनदा अडखळले. मान खाली गेली ती वर येईना. भिंतीकडून कोणीतरी म्हणालं, "आज लेक आली मनून जास्त झाली वाटते." गडी हसले. रुपाच्या हातातली वात तशीच राहिली.

घरी आल्यावर ती बापासमोर उभी राहिली. "बाबा, श्वास सोडा."

तिनं हे इतक्या सरावानं म्हटलं की अमृतरावांना उमगलं. रोज कोणाला तरी म्हणत असणार ती हे. त्यांनी श्वास सोडला. आसवाचा वास आला. ते सांगायला लागले, भागाबाईनं दिलं, औषध आहे, पण जिभेवरून शब्द घसरत होते, आणि लेकीला धीर द्यावा म्हणून ते हसायला गेले तर तोंड वाकडं झालं.

"हासून राह्यले?" रुपा म्हणाली. "तिथं एक पाहून राह्यली मी बाबा. आता इथं बी दुसरा पाहू?"

सकाळी अमृतराव उठले तेव्हा आवाज अगदी स्वच्छ होता. डोळे टक्क उघडे. ते म्हणाले, "बाई, ह्या माळेची शपथ, मी पित नाई. मले काईतरी होऊन राह्यलं."

रुपा पिशवी भरत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "सकाळी ते बी असंच मनते. शपथ बी घेते. सकाळी कोन पेलेला असते बाबा?"

सकाळच्या बसनं ती गेली. दोन दिवसांसाठी आलेली लेक एका रात्रीत परत गेली.

पोथीचं पुढं काय होणार ते दिसतच होतं. सुधाकरराव घरी आले, ओसरीवर बसले, विहिरीचं पाणी कसं आहे ते विचारलं, वांग्यावर कीड पडली का ते विचारलं, आणि उठता उठता म्हणाले, "तुमी आता आराम करा अमृतराव. समाप्तीपर्यंत दुसऱ्याले बसवतो." बालपणापासूनचा दोस्त. एकदा तरी म्हणायचं होतं ना की बापा, तुले काय होऊन राह्यलं? पण नाही. माणूस नजर चुकवून आला तसा नजर चुकवून गेला. आणि रिवाज मोडला त्याचं पाप कोणाच्या माथी? तेही अमृतरावांच्याच.

त्यानंतरचे तीन महिने त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाच माहीत. समाप्तीपर्यंत सांजेला नव्यानं बसवलेल्या भोंग्यातून दुसऱ्याचा आवाज यायचा, चुकीच्या जागी थांबणारा, आणि हे दार लावून आत बसायचे. बाजारात सकाळी जाऊन दुपारच्या आत परतायचे, कारण उन्हं कलली की गिऱ्हाईक त्यांच्याकडं बघून बाजूच्या दुकानी वळायचं. ते जेवण दुपारीच उरकायचे. रात्रीसाठी भाकर दुधात कुस्करून ठेवायची. पाणी पिताना कधी कधी नाकातून परत यायचं. रुपाला ते रोज सकाळी फोन लावायचे. वाजून वाजून बंद व्हायचा. एकदा तिनं उचलला, ह्यांनी "बाई" म्हटलं, आणि तिकडून नुसता तव्याचा आवाज आला आणि मग तोही गेला.

एकटेपणाची त्यांना सवय होती. मालनबाई गेल्यापासून घरात दुसरा माणूस नव्हताच. पण आधी एकटं असणं म्हणजे घरात कोणी नसणं, एवढंच होतं. आता घराबाहेर पडलं की जास्त एकटं वाटायचं. म्हणून ते विहिरीवर जाऊन बसत. वांग्यांना काय, पापणी उघडी की बंद, काही फरक पडत नव्हता.

दिवाळी झाली आणि एका दुपारी घास अडकला. श्वास कोंडला, डोळे पांढरे झाले. भागाबाईनं आवाज ऐकला म्हणून बरं. पाठीत गुद्दे घालून तिनं घास काढला आणि तिच्या पोराच्या, पियुषच्या, गाडीवर बसवून त्यांना थेट आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. आसवाची बाटलीही सोबत दिली, डॉक्टरला दाखवायला.

तिथं मज्जातंतूंच्या विभागात मैत्री नावाच्या डॉक्टरबाई होत्या. पस्तिशीच्या, बोलणं मराठी पण शहरी, केस घट्ट बांधलेले. अमृतराव खुर्चीवर बसले आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, "डॉक्टरबाई, मी पित नाई."

"मी कुठं म्हटलं पिता म्हणून?" त्या म्हणाल्या.

चार महिन्यांत हे म्हणणारं पहिलं माणूस. अमृतरावांना एकदम भरून आलं. एक डोळा अर्धा मिटलेला, आणि दोन्हींतून पाणी.

डॉक्टरबाईंनी त्यांना वर बघत राहायला सांगितलं. वर बघता बघता पापण्या उतरत गेल्या. मग त्यांनी नर्सला बर्फ आणायला सांगितलं, रबरी हातमोज्यात भरला, आणि डाव्या मिटलेल्या डोळ्यावर घड्याळ लावून दोन मिनिटं धरला. काढला. पापणी वर होती! पियुष शेजारी उभा होता, त्याच्या तोंडून "अगं मायवं" निघालं.

"थंडाव्यानं थोडा वेळ सुधारतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुन्हा पडेल. पण यावरून अंदाज येतो." रक्त हैदराबादला पाठवलं, नसांना बारीक झटके देऊन तपासलं, छातीचा स्कॅन केला. आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं आणि नाव सांगितलं, मायस्थेनिया. मग अमृतरावांनी जे विचारलं ते बहुतेक कोणी विचारत नाही. ते म्हणाले, "मले झालं कायनं, ते सांगा. मी काय केलं?"

बाहेर रांग होती, तरी डॉक्टरबाई समजावून सांगू लागल्या.

"तुम्ही काही केलं नाही काका. अंगात लढणाऱ्या पेशी असतात. रोगजंतू आले की त्यांच्यावर तुटून पडायचं, हे त्यांचं काम. पण त्या कधी कधी आपल्याच अंगाला परकं समजतात. हे प्रत्येकाच्या अंगात थोडंफार होतं, माझ्याही. म्हणून त्यांना आवरणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. नियंत्रक टी पेशी म्हणतात त्यांना. त्या मध्ये पडून म्हणतात, थांबा, हा आपलाच आहे, याला हात लावू नका. तुमच्यात त्या आवरणाऱ्या पेशी ढिल्या पडल्यात. नस स्नायूला निरोप देते त्या जागेवर तुमच्याच पेशींचा हल्ला चाललाय आणि त्यांना थांबवणारं कोणी नाही. निरोप सकाळी पोचतो, वापरून वापरून संध्याकाळी पोचेनासा होतो."

"त्या ढिल्या काऊन पडल्या?"

"ते अजून कोणाला नक्की सांगता येत नाही. छातीच्या हाडामागं थायमस म्हणून एक ग्रंथी असते, तिथं लहानपणी या पेशींची शाळा भरते. आपलं कोण, परकं कोण, ते तिथं शिकवलं जातं. तुमच्या स्कॅनमध्ये ती ग्रंथी जरा सुजल्यासारखी दिसते. पुढं कदाचित काढावी लागेल. आत्ता गोळ्या घ्या. सकाळी सहाला, दुपारी दोनला, रात्री दहाला. चुकवायच्या नाहीत. आणि ही बाटली," त्यांनी आसव बाजूला सरकवलं, "ही बंद. ताकदीची औषधं, सुया, सगळं बंद. मला विचारल्याशिवाय तापाचीसुद्धा गोळी घ्यायची नाही."

परत येताना गाडीवर मागं बसून अमृतराव तेच घोळवत होते. थांबा, हा आपलाच आहे. गावात एवढी माणसं, देवळात एवढे श्रोते, बालपणापासूनचा दोस्त, पोटची लेक. असं मध्ये पडून म्हणणारं एक माणूस निघालं नाही. त्यांना राग आला, चार महिन्यांत पहिल्यांदा सरळ सरळ राग आला, आणि त्यानं त्यांना जरा बरं वाटलं.

गोळीनं जादू केली म्हणा. तासाभरात पापणी वर, जबडा चालता, आवाज खणखणीत. ते त्याच दिवशी सुधाकररावांकडं गेले आणि सांगितलं, आजार निघाला, गोळ्या चालू झाल्या.

सुधाकररावांनी त्यांना मिठीच मारली. "लय चांगलं केलं गड्या! माह्या साळ्याचीबी अशीच सुटली, गोळीनंच. आता फक्त मनाचा निग्रह पायजे."

घ्या! अमृतराव बघत राहिले. त्यांनी समजावलं, कागद दाखवला, पेशींचं सांगितलं. सुधाकरराव मान हलवत राहिले, लहान पोराच्या सबबी ऐकाव्या तसे. "हाव, हाव. डॉक्टर लोक नाव देतेच त्याले काईतरी." दोन दिवसांत गावभर झालं की अमृतराव सोडायच्या गोळ्या घेऊन राह्यले. लोक मानानं बोलू लागले. पारावर जागा देऊ लागले. एकानं तर सांगितलं, पुढल्या श्रावणात पोथी तुमचीच. पिणारा समजून टाकलं होतं ते एक वेळ परवडलं, पण पिणं सोडलेला समजून जवळ घेतलं, हे अमृतरावांना अंगावर पाल पडावी तसं झालं. ज्या गुन्ह्यासाठी माफी मिळून राह्यली तो आपण केलाच नाही, हे ओरडून सांगायचं कोणाला?

आणि मग एका सकाळी रुपाचा फोन आला. तिचा, आपणहून. अमृतरावांच्या हातातून मेथीची जुडी पडली.

"बाबा, तुमी गोळ्या चालू केल्या मने. भागाबाई सांगे."

"हाव बाई. पन त्या..."

"नाव सांगा न गोळीचं. चिठ्ठीवर लिवून घेतो. यायच्यासाठी, तुमच्या जावयासाठी पायजे. वरणात टाकून देता येते का?"

अमृतराव पालथ्या पाटीवर बसले. त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं, हळू, सकाळच्या स्वच्छ आवाजात. हा वेगळा आजार आहे, ही त्याची गोळी नाही, कुलदीपला देऊ नको, अपाय होईल. मग रुपा म्हणाली, "सांगाचं नसन तर नका सांगू बाबा. सोताची सुटली, झालं." आणि फोन गेला.

त्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की सकाळचा आवाज लेकीच्या उपयोगाचा नाही. सकाळी शुद्धीत असलेले पुरुष तिनं रोज पाहिले आहेत. गोळी घेऊन गेलं तर तिला सोडलेला बाप दिसेल. तिला बाप दिसायला हवा तो संध्याकाळचा, पडलेला, बोबडा, आणि तिच्या डोळ्यांदेखत तिच्याच हातानं ती पापणी वर गेली पाहिजे. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, गोळी चुकवू नका. एक गोळी चुकवीन, त्यांनी ठरवलं. दोनची. घास खाणार नाही, पाणी पिणार नाही, म्हणजे अडकायला काही नाही. माणूस हट्टाला पेटला की असाच हिशेबी होते.

सकाळची गोळी घेऊन ते निघाले. उतनूर, मग आसिफाबाद, तिथून बेल्लमपल्ली. दोन वाजता बसमध्ये त्यांनी पाकिटातली गोळी हातात घेतली आणि परत ठेवली. चारच्या सुमारास समोरच्या बाईची दोन डोकी झाली. पाचला बस थांबली तेव्हा पायऱ्या उतरताना कंडक्टरनं दंडाला धरलं आणि तो तेलुगूत काहीतरी पुटपुटला. ऐकणारे हसले. हसा बापहो, अमृतराव मनात म्हणाले.

बस स्टँडबाहेरच्या सोड्याच्या दुकानातून त्यांनी बर्फ घेतला, गमछ्यात बांधला, आणि खाणीच्या क्वार्टरांच्या ओळीकडं चालू लागले. एकसारखी घरं, आणि ह्यांना प्रत्येक घराची दोन दिसत होती. गमछ्यातून पाणी गळत होतं. एक दार चुकलं, दुसरं चुकलं. तिसऱ्यात रुपा होती.

तिनं दार उघडलं आणि बघितलं. मिटलेले डोळे, एका बाजूला कललेली मान, ओला हात. तिचा चेहरा एकदम दगड झाला.

"इथंबी?" ती म्हणाली. "गोळ्या चालू असून?"

अमृतराव बोलायला गेले. नाकातून नुसता घूं आवाज आला. त्यांनी गमछा पुढं केला. रुपानं तो हिसकून सोडला आणि आत बघितलं. "बर्फ? पेयाले संगं बर्फ घेऊन फिरता?" तिनं तो अंगणात भिरकावायला हात उचलला.

त्यांनी तिचं मनगट धरलं. दिवसभराची जी काय ताकद उरली होती ती सगळी त्या पकडीत आली. तिचा हात, बर्फासकट, त्यांनी आपल्या डाव्या डोळ्यावर ओढला आणि दाबून ठेवला. रुपा झटका देणार होती, पण बाप रडतो आहे हे तिला दिसलं आणि ती थांबली. दारातच दोघं उभे. तिच्या बांगड्यांवरून पाणी त्यांच्या बंडीत उतरत होतं. आत भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. त्यांनी दुसऱ्या हाताची दोन बोटं वर केली, दोन मिनिटं. तिला कळलं की नाही, पण तिनं हात काढला नाही. बोटं बधिर झाली तरी नाही.

मग त्यांनी तिचा हात खाली घेतला आणि डोळा उघडला.

उजवा तसाच लोंबलेला. डावा टक्क. रुपा दोन पावलं मागं सरली. पुन्हा जवळ आली. त्या पापणीला तिनं बोट लावलं, मग दुसऱ्या पापणीला. काही न बोलता बर्फाचा खडा उजव्या डोळ्यावर ठेवला, ह्या वेळी आपणहून, आणि ओठांतल्या ओठांत मोजू लागली. उजवाही उघडला. ती वाकली आणि बापाच्या तोंडाचा वास घेतला. काही नव्हतं, उपाशी तोंडाचा वास होता तेवढा.

"बाबा," ती म्हणाली. "तुमी पित नाई."

अमृतरावांनी मान हलवली. नाही.

"कदीच पेत नव्हते."

नाही. अगं नाही. चार महिने छातीवर धोंडा होता, तो सरकला. त्यांना मोठ्यानं हंबरडा फोडावासा वाटला, पण आवाजच नव्हता. रुपा त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडली, बापाला "मी गेली उठून, मी आइकलं नाई" असं काय काय म्हणत. त्यांनी तिला थोपटलं. दोन्ही डोळे उघडे होते आणि लेक एकच दिसत होती. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तिला नीट पाहिलं. ती किती वाळली होती! गळ्याची हाडं वर आली होती आणि कानामागं एक हिरवा-पिवळा डाग होता, जुना होत चाललेला. त्यांनी तो पाहिला आणि ओळखला.

तिनं त्यांना आत आणून खाटेवर बसवलं. त्यांच्या पिशवीतली दवाखान्याची फाईल उघडून इंग्रजी अक्षरं एकेक लावत बसली. मग फाईल मांडीवर तशीच राहिली.

"बाबा," ती हळू म्हणाली. "यायचीबी जीभ अशीच जड होते. सांजेलेच. डोये बी असेच मिटते. सकाळी शपथ घेते तं मी आइकतच नाई. तुमचं बी नाई आइकलं मी. यायलेबी हेच असन तं? वास येते, पन तुमचाबी येतच होता न."

तिनं वर पाहिलं. लग्नानंतर तिच्या तोंडावर अशी आशा अमृतरावांनी पाहिली नव्हती. हेच त्यांना हवं होतं, लेकीनं विश्वास ठेवावा, आणि आता तिनं ठेवला होता तो कुठवर जाऊन पोचला होता! त्यांना नाही म्हणायचं होतं. मान हलवायला आवाज लागत नाही. पण मान काही हलली नाही. पापण्या पुन्हा खाली येऊ लागल्या होत्या, आणि एका रुपाच्या दोन झाल्या, दोघी त्यांच्याकडंच बघत.

बाहेर लोखंडी फाटक आदळलं. गल्लीतून कुलदीपचा आवाज आला, चढलेला, कोणाला तरी शिव्या देणारा. अमृतरावांनी हात पुढं केला. तो रुपाच्या पदरापर्यंत पोचला, पण बोटांत धरायचं बळ उरलं नव्हतं. रुपानं गमछ्यातला उरलेला बर्फाचा खडा उचलला, पदरानं हात पुसला आणि ती दाराकडं गेली.